घारीचं मशीन

“ह्यात गिऱ्हाइकांच्या चादरी राहतात, बाई,” हुसेन इस्त्रीवाला म्हणाला. “आन् तुम्ही म्हणताय हे खेळायचं मशीन हाय?”

“मशीनच आहे. ती दांडी कशाची वाटली तुम्हाला?”

“हँगर अडकवायची.”

खरंच, दांडीला चार-पाच हँगर लटकत होते. माणसाच्या उंचीचं ते लाकडी खोकं दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात उभं होतं. वरच्या काचेवर जुनं कॅलेंडर चिकटवलेलं, खालचं दार काढून टाकलेलं आणि आत चादरींच्या थप्प्या. मी साड्या न्यायला आले होते. त्या विसरून मी वाकून त्या खोक्याची बाजू बघायला लागले. रंग पार उडाला होता, पण एक पिवळी वाकडी चोच शिल्लक होती. ती मी लगेच ओळखली. सगळ्या इचलकरंजीत तसलं मशीन एकच होतं.

“बाबालालच्या पार्लरमधलं ना हे?”

“त्येंचंच. म्हातारा गेल्यावर पोरानं काढून टाकलं. मजबूत हाय, वाळवी शिवत न्हाई.”

“मला द्या.”

“आन् चादरी कुठं ठिवू? डोक्यावर?”

शेवटी असं ठरलं, की आमच्या घरातलं लोखंडी कपाट त्याला द्यायचं आणि हे मी न्यायचं. ज्या हातगाडीवरून मशीन आलं त्याच हातगाडीवरून कपाट गेलं. आमचे हे दारात उभे राहून बघत होते. राजशेखर म्हणजे माझे यजमान, बँकेतून निवृत्त झालेले, स्वभावानं अगदी थंड.

“गिरिजा,” ते म्हणाले, “माझे शर्ट होते त्या कपाटात.”

“काढून पलंगावर ठेवलेत.”

“आणि ते तिथंच राहणार?”

“थोडे दिवस.”

थोडे दिवस म्हणता म्हणता उन्हाळा गेला, पावसाळा गेला आणि दिवाळी तोंडावर आली. शर्ट पलंगावरच होते. ह्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली, पण शर्टांचा विषय निघाला की अजूनही ते माझ्याकडं एका विशिष्ट नजरेनं बघतात.

ह्या सगळ्या उपद्व्यापामागं माझा धाकटा भाऊ होता. मल्लिकार्जुन, घरात मल्लू.

शाळेत असताना मल्लू त्या मशीनचा राजा होता. थिएटरमागच्या बोळात बाबालाल मुल्लाणीचं व्हिडिओ पार्लर होतं, दाराला हिरवा पडदा. त्या गेमचं खरं इंग्रजी नाव काय होतं कोण जाणे. वरून घारी झेपावत यायच्या आणि खालून आपल्या विमानानं त्यांना टिपायचं, म्हणून सगळे त्याला घारीचा गेम म्हणायचे. मुलींनी आत जायचं नाही असं कुठं लिहिलेलं नव्हतं, पण कुणी जात नव्हतं. जेवायची वेळ झाली की आई मला पिटाळायची. मी पडदा जरासा बाजूला करून हाक मारायची, “मल्लू, अप्पा आले!” तो वळायचासुद्धा नाही. जीभ दातात धरलेली, तोंडावर निळा उजेड, मागं पोरांचा गलका. आणि तो हसत असायचा. जिंकला तरी हसायचा आणि हरला तर दुप्पट हसायचा. मी हाक मारायची विसरून तिथंच उभी राहायची आणि घरी गेल्यावर दोघांच्या वाटची बोलणी मी एकटी खायची.

दहावी झाल्यावर अप्पांनी त्याला मागावर घेतलं. आमचे घरचे यंत्रमाग होते. एक दिवस त्याचा उजवा हात पट्ट्यात गेला आणि अंगठ्याशेजारची दोन बोटं गेली.

बोटं गेली ती गेली, पण त्यानंतर घरात सगळ्यांचे आवाजच बदलले. आई त्याला भात कालवून द्यायची. अप्पांनी जन्मात कुणाची गय केली नव्हती, ते त्याच्याशी हळू बोलायला लागले. मीही लागले. तो हात सदोदित खिशात घालून बसायचा. दुपार झाली की न बोलता बाहेर पडायचा, आणि कुठं होतास म्हणून विचारलं तर सांगायचा, “नदीवर.” तो परत येईपर्यंत आई बसवण्णांच्या फोटोपुढं डोळे मिटून बसलेली असायची. पंचगंगेला पाणी किती आहे ह्याची आमच्या घराइतकी चौकशी तेव्हा गावात कुणी करत नसेल.

पुढं तो सावरला. माग चालवले, लग्न केलं, मुलाला इंजिनिअर केलं. पण ते हसणं काही परत आलं नाही. माझ्याशी तर तो पाहुण्यासारखा वागायचा. माझ्या घरात मला विचारून पाणी प्यायचा. मग त्याची बायको वारली, माग विकले गेले, घराचाही सौदा झाला आणि दिवाळीनंतर मुलाकडं बंगळूरला कायमचं जायचं ठरलं.

“येत जाशील ना रे अधूनमधून?” मी विचारलं.

“कशाला? आता कोण आहे इथं?”

हे तो माझ्या स्वयंपाकघरात बसून बोलला. मी समोर उभी राहून चहा गाळत होते. चहा गाळून त्याच्या पुढं ठेवला, पण ते वाक्य माझ्या काळजात रुतून बसलं. त्यानंतर आठवड्याभरातच हुसेनच्या दुकानात ती चोच दिसली. मला एवढंच हवं होतं, की जायच्या आधी एकदा, फक्त एकदाच, पडद्याआडचा मल्लू मला परत दिसावा.

हवं असणं सोपं असतं. मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवून नुकतीच स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. विद्युतप्रवाहाचा धडा मला झोपेत शिकवता आला असता, पण सोल्डरिंगची काडी जन्मात हातात धरली नव्हती.

आधी झुरळं काढली. मग इंटरनेटवर जगातले असले उद्योग करणारे लोक शोधून त्यांचे व्हिडिओ बघत बसले. पिक्चर ट्यूबमध्ये बंद मशीनमध्येसुद्धा वीज साठून राहते आणि तिला हात लागला तर माणूस फेकला जातो, हे मला ठाऊक होतं. स्क्रूड्रायव्हरला वायर बांधून ती वीज आधी काढून टाकायची असते. मी ते करायला वाकले तर मागं आमचे हे लाटणं घेऊन उभे.

“हे कशाला?”

“तू चिकटलीस तर ढकलायला. लाकूड आहे.”

“त्यानं मला ढकलल्यावर चपात्या कशानं लाटू?”

“वाचलीस तर बघू.”

चट् असा आवाज झाला. मी वाचले. ह्यांनी लाटणं धुऊन जागेवर ठेवलं आणि त्या दिवसापासून माझ्या उद्योगात हळूहळू तेही ओढले गेले.

माझे पहिले सोल्डर वाटाण्याएवढे व्हायचे आणि दुसऱ्या दिवशी निखळून पडायचे. आतले कंडेन्सर टम्म फुगलेले होते, ते एकेक करून बदलले. मुख्य सर्किटच्या पट्टीवर काळा थर चढला होता. तो कशानंही जाईना, तेव्हा वहीवरचं खोडायचं साधं खोडरबर घासलं आणि पट्टी सोन्यासारखी पिवळी झाली. मला एवढा आनंद झाला की मी ह्यांना झोपेतून उठवलं. तेही उठून आले, चष्मा लावून पट्टी बघितली आणि म्हणाले, “वा. आता चालू होईल?” चालू झालं नाही. पुढं खूप दिवस झालं नाही. एकदा तर आतून धूर निघाला आणि मी बाहेरच्या पायरीवर बसून रडले. वय झालेल्या बाईनं खेळण्यासाठी रडावं म्हणजे काय, असं स्वतःलाच म्हणून परत आत गेले.

मग एका दुपारी काचेवर उजेड आला. चित्र दिसलं, पण ठरेना. साडीची घडी कुणी भराभर उलगडत जावं तसं खालून वर पळत होतं. मागं एक बारीकशी कळ होती, ती श्वास रोखून फिरवत गेले आणि चित्र थांबलं. वर घारींची रांग, खाली एकटं विमान. आम्ही दोघं पोरांसारखे ओरडलो.

लाकडाला पॉलिश पेपर मारला, रंग दिला. बाजूची घार ह्यांनी रंगवली. तिचा पोपट झाला, म्हणून मी परत रंगवली. बटणांची फळी तेवढी उघडायची राहिली होती. त्या फळीवर मधोमध दांडी आणि दोन्ही बाजूंना एकेक बटण. उजव्या बटणाखाली ‘फायर’ असं इंग्रजीत छापलेलं, डाव्याखाली ‘शील्ड’, म्हणजे ढाल. गोळ्या सारख्याच झाडायच्या असतात, ढाल क्वचित लागते. फळी उलटी करून बघते तर आतल्या वायरींची अदलाबदल झालेली. फायरची वायर डाव्या बटणाला, शील्डची उजव्याला.

“कुणीतरी धांदरटानं जोडलंय,” मी ह्यांना म्हटलं.

“जोड चांगला दिसतोय पण.”

होता खरा. त्या मशीनमधले बाकीचे सगळे जोड कळकट, वेडेवाकडे, आणि हे दोन अगदी नीट. सुताचे वेढे देऊन वर टेप गुंडाळलेली. एवढं डोळ्यांनी बघूनही माझ्या डोक्यात काही उजेड पडला नाही. वर्गात पोरींच्या वायरी चुकल्या की मी जशी कपाळाला आठी घालून त्या सोडवायची, तशाच त्या सोडवल्या आणि छापील अक्षरांप्रमाणं सरळ जोडून टाकल्या.

मग टेस्टिंग सुरू झालं. सकाळी डबा नव्हता, शाळा नव्हती. भाजी फोडणीला टाकून मी टेस्टिंग करायची आणि भाजी करपायची. घारी कुठून वळतात, कुठल्या लाटेत अंडी टाकतात हे सगळं मला पाठ झालं.

“अजून टेस्टिंगच चाललंय का?” हे विचारायचे.

“अजून थोडी शंका आहे.”

दिवाळी सरली. मल्लूचं सामान सोमवारी सकाळी टेम्पोत चढायचं होतं. रविवारी दुपारी मी त्याला जेवायला बोलावलं. ओंकार, त्याचा मुलगा, बांधाबांध करत घरी थांबला होता. मी शेंगापोळ्या केल्या होत्या. मल्लूनं एक खाल्ली, दुसरीला “नको” म्हणाला. जेवताना तो डाव्या हातानं खायचा आणि उजवा मांडीवर ठेवायचा. ते आम्ही सगळे इतकी वर्षं न बघितल्यासारखं करत आलो होतो.

हात धुऊन झाल्यावर मी म्हटलं, “मागच्या खोलीत ये जरा. एक गंमत आहे.”

“काय करालीस आता?”

मशीनवर मी चादर टाकून ठेवली होती. ती ओढली आणि बटण दाबलं. आधी तो घरघराट, मग काच निळी झाली आणि त्या सुरुवातीच्या चार कर्कश सुरांनी खोली भरून गेली.

मल्लू दारातच थांबला. मग पुढं आला, घारीच्या चोचीवरून डावा हात फिरवला, मान तिरकी करून वरची पाटी बघितली. “कुठं मिळालं?”

“हुसेनच्या दुकानात. चादरी होत्या आत. मी केलं सगळं. माझ्या हातानं.”

“तू?”

“खेळ की!”

आणि मग त्यानं खिशातला उजवा हात बाहेर काढला. मला वाटलं होतं तो डाव्या हातानं दांडी धरेल आणि उजव्यानं जमेल तसं बटण दाबेल. तर त्यानं उजवा तळवा दांडीच्या गोळ्यावर अलगद ठेवला, अंगठा आणि उरलेल्या दोन बोटांनी गोळा असा काही धरला की जणू तो त्या हाताच्या मापाचाच होता. डावा हात डाव्या बटणावर गेला. जरा वाकला. जीभ दातात आली.

पहिली घार आली. त्यानं बटण दाबलं. गोळी सुटली नाही, विमानाभोवती ढाल उजळली. त्यानं परत दाबलं. परत ढाल. घार येऊन आदळली, विमान फुटलं. दुसरं आलं, तेही फुटलं. त्याला पटकन डावा हात उजवीकडं न्यायचं सुचलं, पण हात एकमेकांत अडकले आणि तिसरंही गेलं. त्याची जीभ कधीच आत गेली होती.

त्यानं हात खिशात घातला. “छान केलंयस, अक्का. नवं दिसतंय अगदी.” आणि तो दाराकडं वळला. “निघतो. ओंकार एकटा आहे.”

तो आवाज मी ओळखत होते. माझ्याकडं पाणी मागायचा तोच आवाज होता. एवढे महिने राबून मी त्याला हात खिशात घालायची आणखी एक जागा करून दिली होती. मला भडभडून आलं आणि त्याहून जास्त राग आला. कुणाचा ते कळेना.

“थांब!” मी ओरडले. वर्गात ओरडायची तशी. “काय झालं ते सांगितल्याशिवाय इथून हलायचं नाही.”

तो थांबला. “फायर उजवीकडं झालंय,” तो म्हणाला.

“उजवीकडंच असतं. लिहिलंय खाली. आत वायरी उलट्या होत्या, त्या मी सरळ केल्या.”

“उलट्या नव्हत्या त्या.” तो थोडा हसल्यासारखा झाला. “बाबालालनं केल्या होत्या.”

“कधी?”

“हात गेल्यावर.”

मला काही समजेना. “पण हात गेल्यावर तू तिकडं कधी गेलास? तू तर नदीवर जायचास.”

“नदीवर कुठं? बाबालालकडं असायचो. दुपारी गिऱ्हाईक नसायचं, शटर अर्धं ओढायचा. पहिल्या दिवशी गेलो, खेळायला बघितलं आणि जमेना. निघालो तर म्हणाला, बस खाली. फळी उघडली, वायरी बदलल्या, परत बसवली. म्हणाला, आता हो उभा.”

“आणि बाकीची पोरं?”

“संध्याकाळी पोरं बोंबलायला लागली, फायर डावीकडं गेलंय म्हणून. बाबालाल म्हणायचा, मशीन असलंच असतंय, जमत असेल तर खेळा. सगळं गाव डाव्या हातानं खेळायला शिकलं.” आता मात्र तो खरंच हसला. “परत फिरवल्याच नाहीत त्यानं कधी.”

मी स्टुलावर बसले. डोळ्यांपुढं आई आली, फोटोपुढं बसलेली. “आई तिकडं जीव मुठीत धरून बसायची रे! सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर तीही आली असती पार्लरवर. पदर डोळ्याला लावून उभी राहिली असती मागं.” तो खिडकीकडं बघत होता. “तिथं कुणी रडत नव्हतं, अक्का. हरलो की बाबालाल आईबापावरनं शिव्या द्यायचा. तुम्ही सगळे मला भात कालवून देत होता. तो म्हणायचा, मुडद्या, डोळे फुटले काय तुझे?”

आमचे हे दारात येऊन उभे राहिले होते. आत गेले आणि माझी हत्यारांची पेटी आणून माझ्यापुढं ठेवली.

फळी उघडली. मल्लूनं बॅटरी धरली, उजव्या हातात. तो हात माझ्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर होता. इतक्या वर्षांत मी तो एवढ्या जवळून कधी बघितलाच नव्हता. बोटांच्या जागची कातडी गुळगुळीत, तुकतुकीत होती. मी मधेच काम थांबवून तिकडं बघत राहिले.

“बघून झालं असेल तर वायर लाव,” मल्लू म्हणाला. “हात दुखतोय.”

फायर डावीकडं, शील्ड उजवीकडं. ह्या वेळी माझे सोल्डर बऱ्यापैकी झाले. मल्लू म्हणाला, “बाबालालचे जास्त चांगले होते.” मी म्हटलं, “तो रोज करत होता.”

मग तो खेळला. तळवा गोळ्यावर, डावा हात बटणावर, जीभ दातात. इतक्या वर्षांच्या खंडानंतर बोटं बिचकत होती, पण दुसऱ्या डावात अंग दांडीबरोबर डोलायला लागलं. मी मागं उभी राहून त्याच्या तोंडावरचा निळा उजेड बघत होते. मला हवं होतं ते मिळालं होतं. डोळे पुसत होते तोच तो म्हणाला, “चल, दोघं लावू. आळीपाळीनं.”

आता वायरी उलट्या असल्या तरी घारी मला पाठ होत्या. त्यानं चांगली मजल मारली आणि मरून बाजूला झाला. मी उभी राहिले. पहिल्या लाटा मी सहज काढल्या. आकडा त्याच्या आकड्याच्या जवळ यायला लागला. तेव्हा मी काय केलं ते माझं मला कळलंही नाही, इतकं ते अंगात मुरलेलं होतं. मी विमान डाव्या कोपऱ्यात नेलं आणि हात सैल सोडले. घार आली, विमान गेलं. पुढची दोन विमानंही मी अशीच घालवली.

“अरेरे,” मी म्हटलं. “जिंकलास तू!”

मल्लू काचेकडं बघत होता. वळला तेव्हा त्याचा चेहरा लालबुंद झाला होता.

“मुद्दाम मेलीस.”

“छे! मला कुठं येतंय एवढं?”

“डाव्या कोपऱ्यात जाऊन कुणी थांबत नाही. आंधळासुद्धा नाही. मुद्दाम मेलीस तू.” त्याचा आवाज चढला. माझ्यावर तो आवाज चढवतोय हे पटायलाच मला वेळ लागला. “आईपण तशीच करायची. सापशिडीत घरं चुकवायची, मी जिंकावं म्हणून. अप्पा पत्त्यांत हरायचे. मला घरात एक डाव खरा खेळायला मिळाला नाही, अक्का. एक नाही!”

आतल्या खोलीत ह्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. त्याच्यावर माया करायची म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला घराबाहेर काढलं होतं, आणि त्याला आत घेतलं होतं एका शिव्या देणाऱ्या माणसानं.

“लाव परत,” मी म्हटलं.

“नीट खेळणार?”

“रडू नकोस म्हणजे झालं.”

तो आधी खेळला. जीव तोडून खेळला, मोठ्या घारीपर्यंत गेला, जिथं तो त्या दिवशी एकदाही पोचला नव्हता. आकडा बघून छाती फुगवून बाजूला झाला. मग मी पदर खोचला. सगळ्या पावसाळ्यात करपवलेल्या भाज्या मी त्या डावात वसूल केल्या. त्याचा आकडा गाठला, ओलांडला आणि थांबले नाही. मागनं मल्लू ओरडत होता, “उजवीकडं, अगं उजवीकडं! शील्ड घे! काय बघालीस, डोळे फुटले काय तुझे?” मी त्याच्याकडं एकदाही वळून बघितलं नाही. शेवटचं विमान फुटलं तेव्हा माझा आकडा त्याच्या दुप्पट झाला होता.

मी हळूच वळून बघितलं. मला भीती वाटली.

“हलकट!” मल्लू म्हणाला. आणि मान मागं टाकून हसायला लागला. पोटावर हात धरून, भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत राहिला.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. ओंकार होता. बाप अजून का आला नाही म्हणून घाबरला असावा, कारण मल्लू फोनवर म्हणत होता, “नाही रे, बरा आहे. काही झालेलं नाही. अक्काकडंच आहे. अक्कानं हरवलं मला... मस्करी नाही, खरंच हरवलं.” पलीकडून ओंकार काहीतरी बोलला. “उद्या जाऊ की. पण पुढच्या महिन्यात मला परत यायला लागणार बघ. हिची मस्ती उतरवायला पाहिजे.”

फोन ठेवून त्यानं मला कोपरानं बाजूला ढकललं आणि दांडी धरली.

“सरक,” तो म्हणाला.